कृपया वरून पाणी घालू नये

आईचे गुडघे वाकेनात, तेव्हा वाफाच उभा करायचा असं मी ठरवलं. खरं तर एवढ्यात गोष्ट संपायला हवी. लाकूड आणायचं, पेटी ठोकायची, तिला पाय लावायचे, माती भरायची, की आई खूश. पण माझ्या हातून कुठलंही काम एवढ्यात संपत नाही. घरी बायको आणि ऑफिसात साहेब, दोघंही याची साक्ष देतील.

ऑपरेशननंतर आई आमच्याकडे राहायला आली आणि आल्या दिवसापासून परत जायच्या गोष्टी करू लागली. तिच्या घरामागे तिची छोटी बाग आहे. तिथे शेजारी तिची मैत्रीण राहते, ती बागेला पाणी घालते. तिला आई रोज फोन करायची. टोमॅटोला काठी लावलीस का, पालकावर अळी आहे का, पुदिना फार पसरला नाही ना. आमची विचारपूस तिने इतक्या बारकाईने कधी केलेली मला आठवत नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आता एकटं राहायचं नाही आणि उकिडवं तर बसायचंच नाही. आई दवाखान्यात मान डोलवायची आणि घरी येऊन म्हणायची, "त्यांना काय जातंय सांगायला? महिना संपला की मी निघाले." मग दिवसभर खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघत राहायची. मला ते बघवत नव्हतं. ती परत एकटी राहायला गेली आणि पडली तर, हा विचार माझ्या डोक्यातून जात नव्हता. आता, 'आई, तू जाऊ नकोस' एवढं म्हणायला काय हरकत होती? काही नाही. पण ते म्हणण्यापेक्षा लाकडाची पेटी ठोकणं मला सोपं वाटलं. आमच्या घरातले पुरुष असेच.

पेटीची कल्पना मला मोबाइलवर एका व्हिडिओत सापडली. त्यातला माणूस हसत हसत लाकूड कापतो, हसत हसत खिळे मारतो आणि शेवटी हसत हसत टोमॅटो खातो. त्याची पेटी साधी नव्हती. कमरेइतक्या उंचीवर पायांवर उभी होती आणि स्वतःचं पाणी स्वतः घेत होती. म्हणजे तळाशी पाण्याचा कप्पा, त्यावर माती. कोपऱ्यातल्या उभ्या नळीतून आठवड्यातून एकदा कप्पा भरायचा, मग माती खालून हवं तेवढं पाणी ओढून घेते. जास्त झालं तर बाजूच्या भोकातून बाहेर. पाणी किती आहे ते कळायला नळीत बुचावर बसवलेली एक काडी. बूच तरंगतं, काडी वर येते. पाणी संपलं की काडी खाली. मला हे फारच आवडलं. आईला वाकायला नको, उचलायला नको, लक्ष ठेवायला नको. तिने फक्त यायचं आणि बघायचं.

इथे माझ्या धंद्याबद्दल सांगायला हवं. मिक्सर, इस्त्री, पंखे यांच्या खोक्यातून जी माहितीपत्रकं येतात, ती मी लिहितो. 'वापरण्यापूर्वी काळजीपूर्वक वाचा' हे वाक्य माझं नाही, पण त्यातला 'काळजीपूर्वक' आमच्या कंपनीत मी आणला. लोक ती पत्रकं न वाचता कपाटाच्या फळीवर अंथरतात हे मला ठाऊक आहे. तरीही सूचना नीट लिहिली तर जग नीट चालेल, अशी माझी श्रद्धा आहे. बायकोची नाही.

ड्रिल मशीन मेव्हण्याकडे होतं, त्यामुळे मेव्हणाही आला. मशीन एकटं देत नाही तो. आम्ही गॅलरीत फळ्या मांडतोय तोच वरच्या मजल्यावरून भारकाका खाली आले. हे पूल बांधणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. कुठल्याही वस्तूकडे बघून ते आधी तिचा भार काढतात, म्हणून सगळी बिल्डिंग त्यांना भारकाका म्हणते.

"ओली माती म्हणजे काय समजलात तुम्ही?" त्यांनी विचारलं. आवाज असा, की जणू आमच्या घराण्यात काहीतरी लपवलेलं त्यांना सापडलंय.

"चांगला चौरस पाय आहे, काका," मी म्हणालो.

"चार पाय. चार पायांवर बैल उभा राहतो, पण बैल हलतो. तुमची पेटी हलणार नाही. सहा लावा."

बैलाचा आणि पेटीचा संबंध मला कळला नाही, पण सहा पाय लावले. त्यांचा पूल पडल्याचं कधी ऐकलं नव्हतं, तेव्हा माणसाचं काहीतरी बरोबर असणार.

सहा पायांची पेटी खालच्या पार्किंगमधून सोसायटीच्या चेअरमननी बघितली. ते वर आले, चष्मा लावून पेटीभोवती जेवढं फिरता येईल तेवढं फिरले आणि म्हणाले, "गॅलरीत बांधकाम चालत नाही."

"हे बांधकाम नाही. फर्निचर आहे."

"फर्निचरवर बसता येतं."

"कपाटावर कुठे बसता येतं?"

ते जरा विचारात पडले. मला वाटलं, जिंकलो. मग त्यांनी कप्प्यात वाकून बघितलं. "कपाटात पाणी असतं का? यात पाणी साठणार. म्हणजे ही टाकी. टाकीला वॉर्ड ऑफिसचं पत्र लागेल. आणा, माझी काही हरकत नाही."

माझी काही हरकत नाही असं म्हणणाऱ्या माणसाइतकं नडणारं जगात कुणी नाही. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून वॉर्ड ऑफिसात गेलो. पाणी खात्यातल्या बाईंनी विचारलं, नळाला जोडलंय का? नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग आमच्या दृष्टीने ते पाणीच नाही." उद्यान खात्यातल्या साहेबांना मी पेटीचा फोटो दाखवला. त्यांनी तो दोन बोटांनी मोठा केला, पुन्हा लहान केला.

"जमिनीला टेकलंय का?"

"हो, सहा पाय टेकलेत."

"पाय नाही हो, माती. माती जमिनीला टेकली असेल तरच आमच्याकडे झाड. नाहीतर ते नुसतं उंचावर आहे."

उंचावर असलेल्या गोष्टी बांधकाम खात्याकडे जातात. तिथे एक कारकून मन लावून पेन्सिलीला टोक करत होते. माझं सगळं बोलणं त्यांनी टोक होईपर्यंत ऐकलं. फर्निचर की टाकी, टाकी की झाड, या प्रश्नाने माझं डोकं इतकं भणभणलं होतं, की वाफा म्हणजे काय हेच मला आता खात्रीने सांगता येत नव्हतं. कारकून म्हणाले, "हलवता येतं का? हलवता येत असेल तर ते सामान. सामानाला कुणाचंच पत्र लागत नाही. चाकं लावा ना."

मी चाकं लावली. चेअरमननी पेटी एकदा इकडून तिकडे ढकलून बघितली आणि सामान म्हणून मान्य केली.

आता आमच्या गॅलरीला पाणी वाहून जावं म्हणून दाराजवळच्या जाळीकडे थोडा उतार आहे. तो दिसत नाही. दिसला असता तर मी माती भरल्यावर पेटीचा हात सोडला नसता. पेटी अगदी शांतपणे, कुणालाही न दुखावता निघाली. मी धावत जाऊन चाकाचा ब्रेक पायाने दाबला. ब्रेक लागला, पण पेटी दाराला टेकल्यावर. दार बाहेरच्या बाजूला उघडतं, म्हणजे आता उघडणार नव्हतं, आणि मी गॅलरीत होतो, हाफपँटवर. ब्रेक सुटेना. बायको बाजारात. आई आत खुर्चीत डुलकी घेत होती, आणि दार वाजवलं तर ती घाईने उठेल आणि गुडघा दुखावेल, म्हणून मी वाजवलंही नाही. मी कठड्याला टेकून, मजेत उभा असल्यासारखा उभा राहिलो. खालच्या मजल्यावरच्या वहिनी कपडे वाळत घालत होत्या, त्यांनी वर बघितलं.

"काय भाऊजी, हवा खाताय?"

"हो. छान आहे आज."

"बराच वेळ खाताय."

वरच्या गॅलरीतून भारकाकांनी डोकं काढून, पेटी सरकवायला किती माणसं लागतील याचा हिशेब मांडायला घेतला. तो पूर्ण व्हायच्या आत बायको आली. काचेतून तिने माझ्याकडे बघितलं, पेटीकडे बघितलं आणि म्हणाली, "अहो, ब्रेक दाबताय काय? बोटांनी वर उचला." उचलल्यावर सुटला. वाईट याचं वाटलं, की चाकांच्या एका टेबलाच्या पत्रकात अगदी हेच वाक्य मी लिहिलेलं आहे.

मग चाकांखाली लाकडी ठोकळे घातले, आणि रोपं लावायचा दिवस आला. ती मात्र आईने लावली. पेटीशी ताठ उभी राहून, बाह्या वर करून तिने मातीत हात घातले आणि घातलेलेच ठेवले. मग टोमॅटोची रोपं, पालकाचं बी आणि पुदिन्याच्या काड्या तिने एकेक करून हळुवार लावल्या. सगळे उपद्व्याप वसूल झाले असं मला वाटलं. तेवढ्यात मी तिला मुख्य गंमत सांगितली.

"आई, आता तुला काही म्हणजे काही करायचं नाही. पाणी ते स्वतःच घेतं."

"स्वतःच?"

"स्वतःच. कप्पा मी भरणार. तू फक्त बघायचं."

आईने हात झटकले, "बरं" म्हणाली आणि आत जाऊन खुर्चीत बसली. ती भारावून गेली असावी, असा माझा समज झाला.

व्यवस्थेत कुणी ढवळाढवळ करू नये म्हणून मी एक पाटी करून पेटीवर चिकटवली. 'हा वाफा आपले पाणी आपण घेतो. कृपया वरून पाणी घालू नये.' थोडक्यात, स्पष्ट, विनम्र. माझ्या चांगल्या कामांपैकी एक.

आणि इथून मला काही कळेनासं झालं. आठवडा उलटला तरी काडी वरच. मला वाटलं, झाडं लहान आहेत, पीत नसतील. दुसऱ्या आठवड्यातही काडी वरच, आणि बाजूच्या भोकातून पाणी ठिबकायला लागलं. पहिल्या दिवशी कप्पा भरल्यानंतर मी त्यात एक थेंबही घातला नव्हता. पाणी जातं कुठे हा प्रश्न मी आयुष्यात अनेकदा ऐकला होता. पाणी येतं कुठून हा प्रश्न मला नवा होता.

खालच्या वहिनी चादर हातात घेऊन वर आल्या. "भाऊजी, हे बघा. धुऊन वाळत घातली की तुमच्याकडून पुन्हा ओली."

"वहिनी, आमच्याकडे पाणी घालतच नाहीत."

"मग हे काय आहे?"

हे पाणी होतं. मी तरी दुसरं काय सांगणार?

प्लंबर आला. त्याने पेटीला कान लावला, भिंतीला कान लावला. भिंतीतला पाइप फुटला असणार असं म्हणून त्याने गॅलरीतल्या फरश्या उखडल्या. खाली सगळं कोरडं ठणठणीत. "कोरडं आहे म्हणजे आत खोल असणार," असं म्हणून त्याने आणखी उखडल्या. भारकाकांच्या मते पेटी हवेतलं पाणी ओढत होती. मेव्हणा म्हणाला, दाजी, असं असेल तर ही वस्तू आपण विकायला काढू. ऑफिसात बसून मी पंख्याच्या पत्रकात 'पाणी आपोआप निर्माण होते' असं लिहून बसलो, आणि साहेबांनी मला घरी जाऊन विश्रांती घ्यायला सांगितलं. आईची बॅग तोवर भरून झाली होती. महिना संपत आला होता, आणि पेटीकडे ती फारशी फिरकतही नाही असं मला दिसत होतं. ज्या कामासाठी हा सगळा खटाटोप केला ते कामच झालं नव्हतं, आणि वर फरश्या गेल्या होत्या.

साहेबांनी दिलेल्या त्या विश्रांतीच्या सकाळी मी पडद्याआड खुर्ची टाकून बसलो. आज काडीकडे डोळ्यात तेल घालून बघायचं ठरवलं होतं.

पहिली आली बायको. हातात भाजी धुतलेल्या पाण्याचं पातेलं. पाटीकडे बघितलं आणि पातेलं टोमॅटोवर रिकामं केलं. मग दारावरची बेल वाजली. भारकाका. 'जरा पाय बघून जातो' असं बायकोला सांगून गॅलरीत आले, पाय बघितले आणि जाता जाता हातातल्या बाटलीतलं उरलेलं पाणी पुदिन्याला दिलं. फरशांना सिमेंट लावायला आलेल्या प्लंबरने काम संपल्यावर बादलीतलं चांगलं पाणी वाया जाऊ नये म्हणून पालकात ओतलं. पेटीतून पाणी का येतं हे शोधायला ठेवलेला माणूस तो. मी तोंडावर हात ठेवून बसलो होतो. बाहेर जाऊन ओरडावं की आत जाऊन झोपावं, ते मला ठरवता येईना.

सगळे गेल्यावर आई आली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात छोटं भांडं. तिने मातीत बोट घातलं. मग दुसरीकडे घातलं. "आजही ओलंच," ती टोमॅटोला म्हणाली. "तुमचं बरंय बाबा. तुम्हाला कुणाची गरज नाही." भांड्यातलं पाणी तिने ओतलं नाही. चार बोटं बुडवून पानांवर शिंपडलं, आणि उरलेलं परत घेऊन आत निघाली.

मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. तिच्यासाठी मी एक बाग केली होती, आणि त्या बागेत तिच्यासाठी एवढंसंही काम ठेवलं नव्हतं. हे कळलं, पण पुढे काय करायचं ते काही सुचेना. माझं डोकं एका वेळी एकच गोष्ट पकडतं.

दुपारी मी बायकोला विचारलं, "पाटी वाचलीस ना तू?"

"रोज वाचते. पाटी दिसली की आठवण होते, अरे, झाडांना पाणी घालायचं राहिलं."

"त्यात घालू नका असं लिहिलंय."

"अहो, झाडाला पाणी घालू नका असं कुणी लिहितं का? मला वाटलं तुमची काहीतरी चूक झाली असेल."

संध्याकाळी पार्किंगमध्ये सोसायटीची मीटिंग भरली. मी सगळी हकीकत सांगितली. भारकाकांनी बाटलीचं कबूल केलं, पण एवढ्याशा पाण्याचा भार नगण्य असल्याचं सांगितलं. प्लंबर म्हणाला, साहेब, झाड समोर असताना पाणी मोरीत टाकणं बरं दिसत नाही. वहिनींनी सगळ्यांना चादर दाखवली. त्या सगळ्यांपेक्षा माझंच चुकलंय असं वातावरण कसं तयार झालं, ते मला अजून समजलेलं नाही. चेअरमन उभे राहिले.

"इथे पाणी कुणी घातलं हा प्रश्न नाही. पाण्याला जबाबदार कोण हा प्रश्न आहे. वस्तू स्वतःचं पाणी स्वतः घेते म्हटलं, की जबाबदार कुणीच नाही. गॅलरीत ठेवायची असेल तर कप्पा काढा, आणि पाणी घालणारं घरातलं एक माणूस ठरवून मला सांगा. एकच. बाकी कुणी घालायचं नाही."

दुसऱ्या दिवशी मेव्हण्याला बोलावून माती उपसली, नळी उपटली, बूच आणि काडी काढली, कप्प्याला खालून भोकं पाडली. ज्या यंत्रणेचा मला अभिमान होता ती आता साधी, सहा पायांची, भोकं पडलेली पेटी होती. रोपं परत लावायला आई आली, तेव्हा मी रडवेल्या आवाजात म्हणालो, "झालं, आई. आता ते स्वतःचं पाणी घेणार नाही."

"म्हणजे रोज घालावं लागेल?"

"रोज."

"आणि एखाद दिवस राहिलं तर?"

"राहिलं तर माना टाकतील. पेटी उथळ आहे, उन्हात लगेच सुकते. शिवाय एकच माणूस नेमायचा आहे, त्याचंही नाव द्यायचंय चेअरमनना."

आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिने मातीत बोट घातलं, इकडे घातलं, तिकडे घातलं, आणि बोटाला लागलेली माती अंगठ्याने चोळत आत गेली. मी गॅलरी झाडत होतो. आतून फोनवर बोलणं ऐकू येत होतं, नेहमीप्रमाणे तिच्या मैत्रिणीशी.

"नाही गं, आता कसं जमणार यायला? इथलं पाणी कोण बघेल? सून बिचारी दिवसभर कामात. आणि मुलगा? त्याच्या हातून निवडुंगसुद्धा जगलेलं नाही कधी. नाही, नाही, किल्ली तुझ्याकडेच राहू दे. टोमॅटो तोडून खा तूच."

निवडुंग मी आयुष्यात कधी लावलेलं नाही. दारात जाऊन तसं सांगावं असं एकदा मनात आलं. पण मी केरसुणी घट्ट धरली आणि तिला हवं तेवढं बोलू दिलं.